काका, मटार आणि सीडी१६

कुपीवर बर्फाच्या चांदणीचं चित्र आहे आणि चांदणीवर तिरकी रेघ. तरीही सोमवारी सकाळी ती उणे वीसच्या फ्रीझरमध्ये सापडली. अँटी-सीडी१६, म्हणजे रक्तपेशींवरच्या सीडी१६ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी; क्लोन ३जी८, पीई हा चमकणारा रंग लावलेली, शंभर टेस्टची. आठ आठवडे वाट पाहून आलेली, आणि आली ती नेमकी शुक्रवारी संध्याकाळी.

"काका, ही इथे कोणी ठेवली?" मी स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

"मीच. दोन दिवस सुट्टी. म्हटलं, मॅडमची महागातली वस्तू आहे, नीट ठेवावी."

"यावर २ ते ८ अंश लिहिलंय."

"ते कमीत कमी हो. एवढं तरी थंड पाहिजे, असं. मी वरून जास्तच दिलंय."

"आणि हे चित्र?"

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "बर्फच आहे ना?"

"त्यावर रेघ आहे."

"मला वाटलं ओरखडा." मग समजुतीच्या सुरात, "मॅडम, आमच्याकडे जानेवारीत पाच किलो मटार सोलून ठेवतात. गणपतीपर्यंत हिरवागार. तुमचं औषध काय मटारापेक्षा नाजूक?"

आहे, काका. मटाराला फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या, लेसरसमोर चमकायचं नसतं. पीई हे लाल शेवाळातलं प्रथिन, वजन साधारण २४० किलोडाल्टन. ज्या अँटिबॉडीच्या अंगावर चढवतात ती बिचारी १५०. नवरीपेक्षा दागिने जड. गोठताना त्याची घडी मोडते आणि चमक जाते. सगळा दोष काकांचा नाही म्हणा. बिनरंगाच्या, ग्लिसरॉल घातलेल्या अँटिबॉडी खरंच उणे वीसला ठेवतात, आणि दोन्हींची खोकी दिसायला सारखीच. हे ज्याने ठरवलं त्याला कधी स्टोअरमध्ये बसवलं पाहिजे.

"वापरून तर बघा," असं गाईड म्हणाले. गाईड लोक असंच म्हणतात, कारण रविवारी परत येऊन रक्त धुवायचं नसतं त्यांना. १०० मायक्रोलिटर रक्त, ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी, २० मिनिटं अंधारात, १० मिनिटं लायसिस म्हणजे तांबड्या पेशी फोडणं, ३५० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३५० पट जोराने) ५ मिनिटं फिरवणं, धुणं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर सीडी१६ भरभरून असतं; त्यांचं शिखर चमकेच्या आलेखात उजव्या टोकाला हवं. ते इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या शेजारी येऊन बसलं, ज्यांच्यावर सीडी१६ जवळजवळ नसतंच.

आता रक्तावर संशय घेणं सोपं. न्यूट्रोफिल किंवा एनके (आणखी एका जातीच्या पांढऱ्या) पेशी चेतल्या की एडॅम१७ नावाचं एन्झाइम त्यांचं सीडी१६ कापून टाकतं, त्यामुळे शिळ्या नमुन्याकडे बोट दाखवता येतं. म्हणून कॉम्पेनसेशन बीड्सचा, म्हणजे अँटिबॉडी पकडणाऱ्या बारीक मण्यांचा, एक थेंब घेऊन त्यात तीच अँटिबॉडी घातली. बीड्सना ना पेशी, ना एन्झाइम. तेही मिणमिणते. म्हणजे गुन्हा कुपीचाच.

त्यात गोठण्याने गुठळ्याही होतात. आणि सीडी१६ हा मुळात अँटिबॉडीची शेपटी पकडणाराच रिसेप्टर; सुट्या अँटिबॉडीला तो फारसा धरत नाही, गुठळी दिसली की मात्र घट्ट चिकटतो. म्हणजे जे थोडंफार चमकलं तेही खरं की शेपटीला लटकलेलं, हे सांगता येईना. कुपी १०,००० जीला ५ मिनिटं फिरवून वरचं पाणी घेतलं, तर गुठळ्या तळाशी बसतात. गेलेली चमक मात्र कुठल्याच सेंट्रिफ्यूजमधून परत येत नाही.

नवी मागवायची तर फॉर्म. तीन सह्या, पुन्हा आठ आठवडे, आणि एक रकाना: "वस्तू खराब होण्याचे कारण." तो स्टोअरने भरायचा असतो. काकांनी सुवाच्य अक्षरात भरला: "प्रवासात ऊन लागले असावे."