साध्या फोनवर पूर्ण काम व्हायला हवे

माझ्याकडे बटणांचा साधा मोबाईल आहे आणि तो मी स्वतःच्या पसंतीने वापरतो. ही पोस्ट घरच्या संगणकावर लिहीत आहे, म्हणजे इंटरनेटशी माझे काही वाकडे नाही. नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानात, मी हिशेबाचे काम करतो, आणि दिवसभरात जी माणसे भेटतात त्यांपैकी पुष्कळांच्या खिशात असाच फोन असतो. त्यात हमाल आहेत, गाड्यांचे चालक आहेत, काटोल-नरखेडकडचे वयस्क संत्रा बागायतदार आहेत. अलीकडे या सर्वांना ठिकठिकाणी एकच प्रश्न ऐकावा लागतो, "स्मार्टफोन नाही का जी तुमच्याकडे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. पण त्या प्रश्नानंतर माणसाचे काम अडते, आणि हे अडणे आपण सर्वांनी मनावर घेतले तर टाळता येण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे.

संत्र्याच्या हंगामात आमच्याकडे फोन कसा चालतो, ते आधी सांगतो. गाडी लागली का, ढीग पाडला का, हर्रास (लिलाव) सुरू झाली का, भाव काय निघाला, काटा (वजन) झाला का, पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) केव्हा मिळेल, एवढेच प्रश्न दिवसभर फिरून फिरून येतात आणि प्रत्येकाचे उत्तर अर्ध्या मिनिटात देता येते. विचारणाऱ्याला आवाज ऐकायचा असतो, कारण भाव सांगणाऱ्याच्या आवाजावरून बाजार चढता आहे की पडता, हे जुन्या शेतकऱ्याला बरोबर कळते. चालकांची रीत याहूनही सोपी आहे. नागपूरच्या हद्दीत शिरले की एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे आम्ही हमालांना जागेवर बोलावून ठेवतो. बोलण्याला मिनिटामिनिटाने पैसे पडत होते त्या काळातली ही खूण आहे. आज बोलणे अमर्याद झाले तरी ती टिकून आहे, कारण ती कामाची आहे. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हा आलेला फोन घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. मे 2003 पासून इनकमिंग मोफत झाले आणि त्यानंतरच आमच्या हमालांच्या हाती फोन आला. त्याच वर्षी टॉर्च असलेला नोकिया 1100 बाजारात आला. पुढे त्याचे जगभरात 25 कोटींहून अधिक नग खपले. तो बाजारातून गेला, पण त्याच्या धाटणीचे फोन आमच्या यार्डात अजूनही पहाटेच्या अंधारात ढिगांवर प्रकाश पाडतात.

साधा फोन म्हणजे स्मार्टफोनची गरीब आवृत्ती, हा समज मला मान्य नाही. त्याची घडण वेगळ्या गरजेसाठी झालेली आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, त्या उन्हात घामेजल्या आणि धुळीने माखलेल्या बोटांनी काचेचा पडदा नीट चालत नाही. बटण मात्र दाबले की दाबले जाते. 5 या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. तो अंगठ्याला लागला की बाकीचे आकडे न पाहता सापडतात. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता, तेव्हा ती याच उंचवट्याच्या आधाराने फोन लावत असे. 2 दाबून धरले की माझा नंबर आणि 3 दाबून धरले की बहिणीचा, एवढे तिला पुरत होते. शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले तरी तिने ती सवय सोडली नाही. याच बटणांचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमानुसार साध्या फोनवर 5 किंवा 9 हे बटण दाबून धरले की संकटकाळचा कॉल लागावा, अशी सोय कंपन्यांनी द्यायची आहे. नवा फोन घेताना दुकानदाराकडून ही सोय दाखवून घ्यावी, विशेषतः घरातल्या वृद्धांसाठी आणि मुलींसाठी.

दुरुस्तीचेही सांगायला हवे, कारण स्वस्ताईचा खरा अर्थ तिथे कळतो. सीताबर्डीत एका अरुंद गल्लीत आमचा ठरलेला कारागीर बसतो. बॅटरी टिकत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आले की तो आधी बॅटरी काढून काउंटरच्या काचेवर आडवी ठेवतो आणि बोटाने फिरवतो. चांगली बॅटरी जागीच अडते. फुगलेली असेल तर पोटावर गरगर फिरते, आणि मग मोजमापाची गरजच उरत नाही. बटणे दाबली जात नसतील तर तो फोन उघडून आतली कीपॅडची पट्टी पुसतो, नाहीतर बदलतो. माइक, स्पीकर, चार्जिंगचा सॉकेट, मागचे झाकण असे सगळे सुटे मिळते. माझ्या फोनवरची 4 आणि 6 ची अक्षरे पार घासून गेली होती, ती बटणांची पट्टी त्याने मी उभा असतानाच बदलून दिली. वस्तू दुरुस्त होते, मालकाला आतून कळते आणि वर्षानुवर्षे टिकते, याचे मला मोल वाटते.

आता ज्याचा खरोखर त्रास होतो त्याकडे येतो, आणि तो त्रास म्हणजे रिचार्ज. एके काळी थोडी शिल्लक ठेवली की इनकमिंग चालू राहत असे. 2018 च्या अखेरीस किमान रिचार्जची पद्धत आली आणि सिम जिवंत ठेवण्यासाठीच दर 28 दिवसांनी पैसे भरावे लागू लागले. 28 दिवसांचा हिशेब धरला तर वर्षात 12 नव्हे, 13 रिचार्ज होतात. शिवाय त्या रिचार्जच्या पाकिटात, म्हणजे पॅकमध्ये, इंटरनेटचा डेटा असायचाच, मग तुमच्या फोनमध्ये तो वापरण्याची सोय असो वा नसो. ज्या हमालाच्या फोनवर नीट चित्रही उमटत नाही, त्याने रोजच्या डेटाचे पैसे का भरावेत, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने नियम बदलला आणि केवळ बोलणे व एसएमएस असलेले स्वतंत्र व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभाही दिली. निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर जी पाकिटे आली ती प्रामुख्याने 84 दिवसांची किंवा जवळपास वर्षभराची होती. रोजच्या हजेरीवर जगणाऱ्याला एकरकमी एवढे पैसे काढणे जड जाते, म्हणून तो पुन्हा महिन्याच्या, डेटा घातलेल्या पाकिटाकडेच वळतो. त्यातच अनेक रिचार्जवाल्यांना या पाकिटांची माहिती नसते, किंवा असली तरी ते आपणहून सांगत नाहीत. महिन्याभराचे, फक्त बोलण्याचे, हमालाला परवडेल असे पाकीट हवे, ही माझी पहिली मागणी आहे.

मराठीचा प्रश्न यालाच लागून आहे. पूर्वी बँकेचा किंवा कृषी विभागाचा मराठी संदेश आला की जुन्या फोनवर नुसत्या चौकटी दिसायच्या. 2016 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलवर 22 भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. त्यामुळे आजच्या साध्या फोनवर देवनागरी नीट दिसते, हा मोठाच फायदा झाला. अडचण लांबीची आहे. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात. देवनागरीत फक्त 70, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. म्हणून मराठी संदेश लिहिणाऱ्याने आटोपशीर लिहायला शिकले पाहिजे. पुष्कळ संस्था त्याऐवजी रोमन लिपीत मराठी पाठवतात किंवा सरळ इंग्रजीत लिहून मोकळ्या होतात, आणि मग आमचे शेतकरी फोन माझ्यापुढे धरून विचारतात, "वाचून पाहा बरं जी, काय लिवलं हाय?" खाजगी पैशांचे संदेश असे परक्याला दाखवावे लागणे मला बरे वाटत नाही.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत साधा फोन अगदीच लुळा आहे, असेही नाही. *99# लावून मिळणारी बँकेची सेवा इंटरनेटशिवाय चालते, आणि मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केले, ज्यात फोन लावून, आवाजाच्या सूचना ऐकत, आकडे दाबून पैसे पाठवता येतात. त्याची मर्यादा आधी 5000 रुपये होती, ती पुढे 10000 करण्यात आली. मी *99# वापरतो. त्याचा दोष एवढाच की उत्तर द्यायला थोडा उशीर झाला की यादी पडद्यावरून निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वयस्क माणूस दोनदा असे झाले की नाद सोडतो. थोडा जास्त वेळ दिला तर कितीतरी जण ही सेवा वापरू लागतील. दुसरे असे की दुकानात नुसता क्यूआर चिकटवलेला असतो, आणि तो आमच्या फोनला वाचता येत नाही. त्याच पाटीवर खाली दुकानाचा यूपीआयला जोडलेला मोबाईल नंबर ठळक आकड्यांत लिहिला तर साध्या फोनवाल्याचीही सोय होईल. फसवणुकीचा धोका मात्र इथेही आहे. व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस दाखवून धमकावण्याचा प्रकार या फोनवर होत नसला, तरी ओटीपी विचारणारा ठग इथपर्यंत पोचतोच. तेव्हा 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावा.

गेल्या हिवाळ्यात एका खाजगी दवाखान्यात जे पाहिले, ते मला विसरता येत नाही. माझ्यापुढे सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. धोतर, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले, "काकाजी, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला आहे." त्यांनी आपला फोन काढून दाखवला आणि म्हणाले, "माह्या फोनवर ते येत नाही बाई. कागदावर देता येते का?" कागद हवा असेल तर वेगळे पैसे पडतील आणि छपाईच्या खिडकीवर जावे लागेल, असे उत्तर मिळाले. ती खिडकी दुपारी बंद होती. रिपोर्ट कोणाच्या नंबरवर गेला, याची चौकशी केली तेव्हा कळले की नोंदणीच्या वेळी त्यांच्या भाच्याचा नंबर लिहून घेतला होता आणि भाचा पुण्यात होता. तपासणीचे पूर्ण पैसे या माणसाने भरले होते, रक्त त्याचे होते, आजार त्याचा होता, आणि रिपोर्ट तेवढा त्याच्या हातात नव्हता. त्या मुलीला मी दोष देत नाही. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांच्यासमोर साधा फोन वापरणारा माणूस आलाच नव्हता, आणि माझा राग त्यावर आहे.

साध्या फोनवर सोय करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. रेल्वेच्या 139 वर फोन लावून किंवा एसएमएस करून तिकिटाची स्थिती कळते. गॅस सिलिंडर फोनवरून नोंदवता येतो आणि घरी पोचवताना लागणारा कोड एसएमएसने येतो. वीज गेली तर 1912 वर तक्रार देता येते. महावितरणने मिस कॉलचीही सोय केली आहे. आधारचा ओटीपीसुद्धा साध्या एसएमएसनेच येतो. म्हणजे मार्ग तयार आहेत, वर्षानुवर्षे चालू आहेत आणि लाखो लोक ते वापरत आहेत. पिकावरच्या रोगाचा फोटो पाठवायचा असेल किंवा नकाशा पाहायचा असेल तर स्मार्टफोनच लागेल, हे मी मान्य करतो. पण दवाखान्याचा नंबर लावणे, शाळेची सूचना, सोसायटीच्या पाण्याची वेळ, बँकेतली शिल्लक, यांतल्या कशालाही बोलणे आणि एसएमएस यांपलीकडे काही लागत नाही. यांपैकी कोणत्याही कामाची नवी पद्धत सुरू करताना साध्या फोनवाल्याचा मार्ग पहिल्याच दिवशी ठरवलेला असावा, ही माझी दुसरी मागणी.

इतरांना सांगण्याआधी सुरुवात आपल्यापासून व्हावी, म्हणून आमच्या दुकानापुरते एक काम मी मालकांच्या संमतीने सुरू केले आहे. हल्ली पट्टीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची पद्धत बाजारात पडली आहे, आणि साधा फोन असलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी फेरा घालावा लागतो किंवा गावातल्या कोणाच्या तरी फोनवर आपला हिशेब उघडा करावा लागतो. आम्ही आता अशा शेतकऱ्यांना काटा आणि हिशेब झाला की मराठीत एसएमएस करतो. त्याचा नमुना असा आहे: "संत्रा 12.40 क्वि. भाव 3200. हमाली तोलाई 730 वजा. जमा 38950." काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून हा मजकूर 60 अक्षरांचा होतो, म्हणजे एकाच संदेशात आरामात बसतो, आणि शेतकऱ्याला तो स्वतःला वाचता येतो. कागदी पट्टी तो पुढच्या फेरीत घेऊन जातो. कळमन्यातल्या इतर अडत दुकानांतल्या माझ्या दिवाणजी बंधूंना विनंती आहे की हा नमुना त्यांनी खुशाल उचलावा, आपापल्या मालाप्रमाणे शब्द बदलावेत आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक वाढण्याआधी शेतकऱ्यांच्या नंबरांपुढे कोणाचा फोन साधा आहे, याची खूण करून ठेवावी.