आमची काही मागणी नाही

घरी गाणं रेकॉर्ड करायचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या गरजांचा तक्ता मुलाकडच्या मंडळींनी बसून लिहिल्यासारखा असतो. पहिला रकाना 'मिनिमम'. साधा ड्युअल कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, थोडी मोकळी डिस्क. म्हणजे, आमची काही मागणी नाही हो, मुलगी आणि नारळ द्या. दुसरा रकाना 'रेकमेंडेड'. क्वाड कोर, ८ जीबी. म्हणजे, मुलाचे मामा जरा हौशी आहेत, तेवढं मानपानाचं बघून घ्या. तिसरा रकाना छापलेलाच नसतो. तो हळदीच्या आदल्या रात्री कुणीतरी बाजूला घेऊन कानात सांगतं: १६ जीबी, एसएसडी, वेगळं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कंप्युटरला जोडायचा डबा, आणि तो डबा चालवणारा त्याचा स्वतःचा ड्रायव्हर प्रोग्रॅम. तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात.

मला संगीतकार व्हायचं नव्हतं. मला मोठ्या मावशीची आखाजीची गाणी धरून ठेवायची होती, एवढंच. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि पुरुष मंडळी दिवसभर पत्ते कुटत बसतात, त्याबद्दल त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. मावशी पारोळ्याकडची, ऐंशीच्या पुढची. तिच्याकडे अहिराणी गाण्यांचा जो साठा आहे तो कुठे लिहिलेला नाही, आणि एका गाण्याची ओळ ती दोनदा सारखी म्हणत नाही. यंदा ती आखाजीला आमच्याकडे अमळनेरला येणार होती.

"मोबाइलवर करा की," बायको म्हणाली.

पण आमचा भाचा पुण्यात साउंडचा कोर्स करतो. घरात असा भाचा असला की मोबाइलवर काही होत नाही. त्याचं म्हणणं, मोबाइल आपल्या अकलेने आवाज वर-खाली करतो, भोवतालचा गलका दाबायला जातो आणि त्या नादात गाणाऱ्याचा शेवटचा हेलही दाबून टाकतो. "मामा, असं गाणं पुन्हा मिळणार नाही. नीट करू. आधी मशीनचं कॉन्फिगरेशन सांगा."

मशीन म्हणजे मोठीच्या बारावीच्या वेळी घेतलेला लॅपटॉप. ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, आणि त्या डिस्कवर तीन पिढ्यांचे साखरपुडे. मी कॉन्फिगरेशन सांगितलं. पलीकडे जी शांतता पसरली तशी मी पुढे माझ्या घरात रेकॉर्डिंगसाठी शोधत राहिलो, मिळाली नाही.

सॉफ्टवेअर मात्र स्वस्तात सुटलं. ऑडॅसिटी फुकट आहे. भाच्याने रीपर टाकायला लावलं, ते ६० दिवस वापरून बघा म्हणतात. ते काढणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच पूर्वी कंप्युटरवर गाणी वाजवायचं विनअ‍ॅप काढलं होतं, त्यामुळे आमच्या पिढीला एकदम घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. डाउनलोडही इवलंसं, २० एमबीच्या आसपास. मला वाटलं, बघा, याला म्हणतात साधी माणसं. वरपक्ष नेहमी साधाच दिसतो. मागण्या बरोबर आलेल्या पाहुण्यांच्या असतात.

पहिला पाहुणा माइक. "कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं पकडतो," भाचा म्हणाला, "पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते." हे स्पीकरवर चाललं होतं. बायको पोळ्या लाटता लाटता थांबली. "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडापुढे ४८ व्होल्ट? आणि मावशींच्या लेकांना काय सांगाल?" फँटम पॉवर तोंडाला लागत नाही, ती वायरमधून माइकच्या पोटात जाते, हे तिला समजावताना दोन पोळ्या करपल्या. त्यांचं मोल धरून कंडेन्सर रद्द झाला.

तसाही तो आमच्या घरात चालला नसता. जो माइक बारीकसारीक सगळं पकडतो, तो शेजारच्या कूलरची पाण्याची मोटर, गच्चीवर वाळणारे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, राखणाऱ्या बायकांचं राजकारण, घंटागाडीचं गाणं आणि सुरत-भुसावळ लाइनवरची मालगाडी हे सगळं प्रेमाने पकडतो. भजनी मंडळाचा डायनॅमिक माइक बरा. तोंडाजवळचं ऐकतो आणि लांबच्यांच्या भानगडीत फारसा पडत नाही. असे माइक माणसांतही कमीच मिळतात.

त्याला लागणारी कॅनन वायर शोधायला मी बाजारात निघालो. १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, कंप्युटरमध्ये जगभर गेली. हे आम्ही परगावच्या पाहुण्याला चहा यायच्या आत सांगतो. त्या गावात मला तीन मीटर माइकची वायर मिळेना. एका दुकानदाराने एचडीएमआय दाखवली, दुसऱ्याने डिश टीव्हीची, तिसऱ्याने "काका, आता सगळं ब्लूटूथवर असतं" म्हणून माझ्याकडे दयेने पाहिलं. ब्लूटूथवर आवाज एवढा उशिरा पोचतो की रेकॉर्डिंगला त्याचं नावही काढू नये, हे ज्ञान मला तोवर झालं होतं, पण दुकानदाराला ते देण्यात अर्थ नव्हता.

शेवटी पावला तो डीजेवाला. खानदेशात खरं ऑडिओ हार्डवेअर कोणाकडे असेल तर या मंडळींकडे. लग्नसराईत ज्यांच्या गाडीमुळे आमच्या कपाटातली भांडी खालच्या कप्प्यात उतरतात, त्या माणसाच्या गोदामात कॅनन वायरींचा ढीग होता, त्यावर मांजर झोपलेलं होतं. मांजर उठवून त्याने पाच मीटरची वायर दिली. पैसे घेतले नाहीत. "किती वॅटचं सेटिंग आहे काका?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मावशी गाणार आहे. त्याने समजून मान हलवली आणि जास्त विचारलं नाही.

इंटरफेस भाच्याने मित्राकडून जुनं मिळवलं, दोन माइक लागतील असं. किंमत कळल्यावर बायको म्हणाली, "एवढ्यात वर्षाचा गहू भरून झाला असता." रॅम ८ जीबी झाली, हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली. साखरपुडे पेन ड्राइव्हवर गेले.

यातला पैसा खर्च झाल्यावर आणखी मागणी नसेल असं कोणालाही वाटेल. पण आता वीज बोलायला लागली. चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा एकसुरी आवाज. मावशी यायच्या आधीच कुणीतरी तंबोरा लावून बसलंय. भाच्याने लगेच निदान केलं: "पन्नास हर्ट्झचा हम. अर्थिंग बघा." आमच्या घराची अर्थिंग बांधकामाच्या वेळी झाली होती असं वायरमनचं म्हणणं आहे, आणि वायरमन आता हयात नाही. चार्जर काढला की हम गायब. पण बॅटरीवर गेला की लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसर हळू चालवतो, आणि प्रोसेसर हळू झाला की आवाज तडतडतो. बॅटरीचा जीव तर एका गौराईच्या आरतीएवढा. म्हणजे चार्जर लावून घूं ऐका, नाहीतर काढून तडतड ऐका, आणि ठरवेपर्यंत बंद पडा. पॉवर सेटिंगमध्ये 'हाय परफॉर्मन्स' करून आणि शेवटी शेजाऱ्यांच्या नव्या घरातून अर्थिंगवाली एक्स्टेंशन ओढून हे मिटलं. शेजाऱ्यांनी बदल्यात कूलर बंद ठेवायची अट मात्र मानली नाही. वैशाखात ४४ अंशाला ती अट मी तरी कोणाला घालणार?

मावशी आली. हेडफोन तिच्या कानाला लावले, पदर त्यावरून घेतला. पंखा बंद केला.

"बापू, पंखा कसाले बंद करा रे? मना जीव जाई ऱ्हायना."

"मावशी, माइकमध्ये पंख्याचा आवाज येतो."

"मंग माइकले बाहेर बसाड."

कसंबसं तिने तोंड उघडलं, पहिली ओळ घेतली आणि थांबली. पुन्हा घेतली, पुन्हा थांबली. मग मागे वळून पाहिलं.

"मनामांगे कोन म्हनी ऱ्हायनी व माय?"

मागे कोणी नव्हतं. तिचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत होता. कंप्युटर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घेतो, पण एकेक करून पुढे पाठवत नाही, घोळका जमू देतो. त्या घोळक्याला बफर म्हणतात. १०२४ चा बफर असेल तर घोळका जमायलाच २३ मिलिसेकंद जातात. हवेतून चालत गेला असता तर आवाज तेवढ्या वेळात आठ मीटर गेला असता. शिवाय परतीचं भाडं वेगळं. त्यात मी विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर निवडलेला, तो सगळ्यांना चहा पाजत येतो. १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की हिशेबाने ३४ मीटर. मावशी आमच्या माजघरात आणि तिचा आवाज वाण्याच्या दुकानापाशी.

मी हे सगळं समजावलं. मावशी ऐकून घेते, मानत नाही. तिला खात्रीच होती की आत कुणी बाई आहे, नात्यातलीच असावी, कारण तिला गाणी येतात. आणि पाहुणी बाई गाते म्हटल्यावर मध्ये बोलणं बरं नाही.

"तिले म्हनू दे पहिले. मंग मी म्हनसू."

ती थांबली. ती थांबली म्हणून आतली बाईही थांबली. दोघी एकमेकींना मान देत बसल्या, आणि रीपरने ती शांतता, कूलरसकट, ४४,१०० मापांनी निष्ठेने टिपली.

भाच्याने फोनवरून इंटरफेसचा खास, आवाज वाटेत न रेंगाळवणारा एएसआयओ ड्रायव्हर निवडायला लावला आणि बफर ६४ वर आणला. पाहुणी बाई नाहीशी झाली. पण ६४ चा घोळका म्हणजे दीड मिलिसेकंदाला एक. तेवढ्यात प्रोसेसरचं काम उरकलं नाही की आवाजात भोकं पडतात, आणि पंखा बंद, खोलीची भट्टी झालेली, तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आणखी मंद झालेला. तडतड सुरू.

"पापड कोठे तळी ऱ्हायनात?" मावशीने विचारलं. तिला भूक लागली होती हे एक, आणि ऐंशीला तिचे कान माझ्या लॅपटॉपपेक्षा चांगले हे दुसरं.

मग कळलं की इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं बटण आहे. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज कंप्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये जातो. बफर मग १०२४ ठेवा, काही बिघडत नाही. हे बटण पहिल्या दिवसापासून त्या डब्याच्या तोंडावर होतं. भाच्याला विचारलं, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "ते फार बेसिक आहे मामा."

पहाटे मालगाडी आणि कूलर दोन्ही थांबलेली असताना पुन्हा बसलो. हम नाही, तडतड नाही, पाहुणी नाही. लाल बटण दाबलं. मावशीने खुर्चीवर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून गाणं म्हटलं. आलेख सुंदर उमटला. शब्द एकेक स्वच्छ. फक्त ते गाणं नव्हतं, ती साक्ष होती. कोर्टात देतात तशी.

"मावशी, आखाजीला म्हणतेस तसं म्हण ना."

"मंग झोका कोठे से?"

ती गाणी खुर्चीवरची नाहीतच. झोका पुढे जाताना ओळ सुटते आणि मागे येताना घेतली जाते, श्वास त्याच्याच मापाने चालतो. मी भाच्याला फोन लावला. तो झोपेतून उठला होता तरी त्याचा धंदा जागा होता.

"झोका किती मागे जातो मामा? अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. माइक झोक्यालाच बांधावा लागेल. वायर किती मीटर आहे?"

"पाच."

"कमी पडेल. दहाची आणा."

म्हणजे पुन्हा डीजेवाला, पुन्हा मांजर. परसात निंबाला दोर टाकून झोका बांधला. कड्या करकरत होत्या, त्यात बायकोने खोबरेल सोडलं. मावशीने बसून पाहिलं, पायाने अंदाज घेतला, खूश झाली. मग माझ्याकडे वळली.

"आनि झोका देवाले कोन से? दोन जनी पाह्यजेत. त्या मांगून म्हनतीस."

हे मी फोनवर भाच्याला जसंच्या तसं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, बोटांवर मोजत असावा.

"म्हणजे तीन माइक, मामा. तुमचं इंटरफेस दोनचंच आहे."