नकाशा भिंतीवरून खाली उतरवा

तिसरी-चौथीला भूगोल शिकवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. भिंतीवरचा नकाशा काढा, फरशीवर अंथरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला येईल असा फिरवा आणि पोरांना भोवती बसवा. नकाशा कायम टांगलेलाच पाहिला की ‘उत्तर म्हणजे वर’ हे मुलांच्या डोक्यात घट्ट बसतं. उत्तर दिशा दाखवा म्हटलं की माझ्या वर्गात कितीतरी बोटं छताकडे जायची. नकाशा खाली आल्यावर एक मुलगी त्यातल्या नागपूरपाशी उकिडवी बसली, हात लांब केला आणि ओरडली, “मॅडम, म्हणजे कामठी तिकडे!” हात बरोब्बर ईशान्येला होता.

तीच गोष्ट नद्यांची. गंगा, यमुना, गोदावरी धडाधडा म्हणून दाखवतात, पण रोज ओलांडतात ती आपल्या नागपुरातली नाग नदी त्यांच्या लेखी नाला. याचं पाणी शेवटी कुठे जातं, असं विचारलं की उत्तर येतं मुंबईला! समुद्र म्हटला की मुंबईच आठवते ना त्यांना. मग नकाशात अंबाझरी तलावावर बोट ठेवायला लावायचं आणि हळूहळू सरकवायचं. शहरातून पूर्वेला, वाटेत पिवळी नदी, पुढे कन्हान, कन्हान वैनगंगेत, वैनगंगेला वर्धा मिळाली की प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात. आपल्याकडचा उतार पूर्वेला आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्यानंतर मुलांकडून वस्तीचा नकाशा काढून घेतला. कोणाच्या गल्लीत पाणी आलं, कोणाची कोरडी राहिली, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाणी आलेल्या गल्ल्या निळ्या रंगवल्या, तर निळा पट्टा नदीला धरूनच उमटला. सखल भाग म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं त्यांना.

“सिलॅबस कधी संपवायचा?” असं सहकारी विचारतात. त्यांची अडचण खरी आहे, वर्गाबाहेरची कामं किती असतात ते मीही भोगते. पण याला दोन-तीन तासिका लागतात, आणि साहित्य म्हणाल तर खडू, एक नकाशा, उतार दाखवायला अंगणात ओतायला बादलीभर पाणी. जिल्हा परिषदेच्या शाळेतही होतं हे.

पेपर काढणाऱ्यांनीही जरा मनावर घ्यावं. ‘जिल्ह्यातील नद्यांची नावे लिहा’ याच्या जोडीला ‘तुमच्या घरासमोरचं पावसाचं पाणी कोणत्या दिशेला वाहतं?’ हाही प्रश्न घाला, आणि त्याला पूर्ण मार्क ठेवा.