गोव्यात हीटर कशाला? डिचोलीकरांना उत्तर

बाब, नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'डिचोलीकर' लिहिलंय, म्हणून मी बाबच म्हणतो. प्रतिक्रिया झणझणीत आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चवथीच्या गणेशमूर्ती वाळवायला गॅरेजमध्ये फॅन हीटर कसा लावावा, यावरचा माझा मागचा लेख तुम्हाला पटला नाही. गोव्यात हीटर म्हणजे पैशांची मस्ती, आजोबांच्या काळात मूर्ती काय ओल्याच पुजल्या का, हा तुमचा पहिला सवाल. लेख वाचून हीटर लावला, तर मूर्ती राहिल्या बाजूला आणि भिंतींनाच पाणी सुटलं, हा दुसरा. तिसरा असा की दीड हजाराच्या हीटरसाठी वेगळी वायर ओढायला सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तीन वर्षं ड्रिल आणि ग्राइंडर चालतोय, काही झालेलं नाही. आणि शेवटी, 'स्कूटर गॅरेजात ठेवायची नाही, तर काय देवघरात ठेवायची?'

हे शेवटचं वाक्य मी भावाला वाचून दाखवलं. तो पाटावरच्या मूर्तीचा कान बसवत होता. हसता हसता कान हातात आला.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथं चूक माझी आहे. हवा बाहेर कुठून जाणार, हे मी त्या लेखात लिहिलंच नव्हतं. आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीत आधीपासून एक्झॉस्ट फॅन आहे, त्यामुळे ते डोक्यातच आलं नाही. तुम्ही शटर खाली ओढून, खिडकी लावून, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून फटीत गोणपाट कोंबलंत. मी लिहिलं होतं त्यावरून कोणीही तेच केलं असतं.

झालं काय ते सांगतो. हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही, तो हवेची पाणी धरायची ताकद वाढवतो, एवढंच. जुलैतल्या पावसाच्या दिवशी २७ अंशांच्या हवेत आर्द्रता ९० टक्के असली, तर तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवल्यावर आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. ऐकायला छान वाटतं. पण १० फूट बाय १६ फूट, ९ फूट उंचीच्या बंद गॅरेजचा हिशेब मांडा. सगळी मिळून साधारण ४१ घनमीटर हवा. त्या हवेत आधीच जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात आहे. ३५ अंशांना तिच्यात फार तर १.६ लिटर मावतं. म्हणजे हीटर लावून आपण जागा केली ती पाऊण लिटरलासुद्धा कमी.

आता मूर्तीकडे बघा. यंदा भावाने एक दीड फुटी मूर्ती ताणकाट्याला टांगून तोलली. ओली असताना ११ किलो २००, पूर्ण वाळल्यावर ८ किलो ७००. अडीच लिटर पाणी, एका मूर्तीतून! आमच्याकडे अशा छत्तीस. नव्वद लिटर पाणी पाऊण लिटरच्या भांड्यात कसं जाणार? तुमच्या गॅरेजातली हवा तासाभरात भरली आणि उरलेली वाफ मागच्या गार चिऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसली. दुपारी हीटर बंद केलात तेव्हा तर सगळंच खाली आलं असणार.

तेव्हा लेखात आता अशी भर घातली आहे: हीटर चालू असताना वरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट हवी आणि खालून आत यायला फट हवी. एक्झॉस्ट सतत नको, नाहीतर तापवलेली हवा भाटांत, म्हणजे बाहेर बागेत, फेकल्यासारखं होतं. आम्ही अर्ध्या तासात दहा मिनिटं चालवतो, आणि शटर चार बोटं वर. डीह्युमिडिफायर असेल तर मात्र उलट: तो पाणी खरोखरच काढून बादलीत टाकतो, म्हणून खोली बंद ठेवायची. दोन्ही एकदम लावून खिडकी उघडी ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, वीजबिल बोलतं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण प्रतिक्रियेसोबत जोडलेल्या फोटोत दिसतेय. सोंडेच्या मुळाशी जो तडा गेला आहे तो माती वाईट म्हणून नव्हे. वाळताना चिकणमाती आकसते. बोटं, कान, सोंडेचं टोक हे पातळ भाग आधी वाळून आकसतात, पोट मात्र अजून ओलं आणि फुगलेलं; दोघांची ओढाताण जोडावर होते. तुमचा हीटर थेट मूर्तीकडे तोंड करून ठेवलेला आहे. ताज्या मूर्तीला हीटर दाखवायचाच नाही. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, बोटांवर आणि कानांवर ओला फडका, नुसती सावकाश हवा. मग हाताची उलटी बाजू मूर्तीच्या पाठीला लावून बघायची. गार लागली तर आतून पाणी येतंय, थांबा. गारवा गेला की हीटर, आणि तोही रिकाम्या भिंतीकडे तोंड करून, छताचा पंखा एक नंबरवर. हॅलोजनचे लाल कांड्यांचे हीटर म्हणूनच नकोत. ते हवा नव्हे, समोरची वस्तू तापवतात. गणपतीचं पोट भाजतं, पाठ ओलीच राहते.

आजोबांचं म्हणाल तर बरोबर आहे, त्यांना हीटर लागला नाही. त्यांची चित्रशाळा म्हणजे कौलारू घराचा उघडा सोपा होता; कौलांच्या फटींतून वारा खेळायचा, आत चुलीची ऊब असायची, आणि काम पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, धांदलीतच, उन्हं कडक असताना सुरू व्हायचं. आमचं गॅरेज स्लॅबचं आहे, पुढे लोखंडी शटर, आणि अर्धी गिऱ्हाइकं आषाढ लागल्यावर 'यंदा आमचाही एक करा' म्हणत येतात. गेल्या खेपेचं बघा ना: २०२४ मध्ये चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अकरा दिवस गेले, आणि गेले ते वाळवण्यातले. प्लास्टरचा मार्ग आम्हाला घ्यायचा नाही. मग उपाय काय? मस्ती म्हणा हवं तर.

आता बोर्ड. इथं मी मागे हटणार नाही.

तुमचा बोर्ड तीन वर्षं चालला कारण त्यावर ड्रिल चालत होतं. ड्रिल दोन मिनिटं फिरतं, थांबतं, आपण बिट बदलतो, चहा पितो. हीटर तसा नाही. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपियर ओढतो, आणि तो तासन्‌तास ओढत राहतो. बोर्डची बारीक वायर आणि सहा अँपियरचा सॉकेट यांसाठी हे मुळातच जास्त. त्यात आपली खारी हवा. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या हिरवट होतात, ढिल्या पडतात. समजा एका पिनेपाशी जेमतेम ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला. ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.१, साडेसात वॅट. ही सगळी उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत. त्या उष्णतेने पट्टी आणखी ढिली होते, अडथळा आणखी वाढतो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः हीटरच्या सोळा अँपियरच्या जाड पिनेला बाजारातला कन्व्हर्टर लावून हीटर असाच बोर्डवर जोडला होता. रात्री साडेनऊला जेवताना वास आला. पहिल्यांदा वाटलं शेजारी सुकी मासळी भाजताहेत. मग त्यात बेकलाइटचा तो कडवट दर्प मिसळला. गॅरेजात गेलो तर हीटर मजेत चालू, आणि बोर्डमधून तळणीत थेंब पडावा तसा चर्रचर्र आवाज. मेन बंद केला. पिन ओढली तर ती सॉकेटचा तुकडा घेऊनच बाहेर आली. एक दांडी निळसर-काळी, भोक तपकिरी आणि वाकडं, मेणबत्ती ओघळावी तसं. बोर्डच्या खाली मूर्तींचा पेंढा होता. हातभर अंतर.

आणि ट्रिपर, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा एमसीबी, पडला नव्हता. का पडेल? सोळा अँपियरच्या एमसीबीच्या लेखी ८.७ अँपियर म्हणजे निम्मा भार. ढिली पिन तापतेय, बारीक वायर भाजतेय, हे त्याला दिसत नाही. त्याला फक्त किती प्रवाह गेला तेवढं कळतं. म्हणून 'ट्रिपर आहे ना' यावर विसंबू नका. आणि शॉक बसला तरी एमसीबी पडेलच असं नाही, तिथं वीज गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी लागतो. ओल्या कोब्यावर अनवाणी काम करणाऱ्या माणसासाठी तो मी सगळ्यांत आधी बसवून घेईन, हीटर मागाहून.

मी 'वेगळी वायर' म्हणतो ती एवढीच: डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून, थेट गॅरेजपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा सोळाचा एमसीबी, चांगल्या अर्थिंगचा सोळा अँपियरचा पॉवर पॉइंट. पॉइंट आतल्या कोरड्या भिंतीला, छातीच्या उंचीवर. शटरकडच्या भिंतीला नको, पावसाची झड तिथंच येते. काम परवानाधारक वायरमनकडून. तो 'अर्थिंग आहे' म्हणाला तर 'मोजून दाखव' म्हणा, राग आला तरी चालेल. हीटरपेक्षा हा खर्च जास्त होतो, मान्य. पण पुढे इस्त्री, व्हॅक्यूम, काहीही त्याच पॉइंटवर चालतं.

स्कूटर देवघरात ठेवू नका. अंगणात पत्र्याखाली ठेवा, महिनाभर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते. फॅन हीटर नेमका जमिनीवर ठेवलेला असतो आणि खालचीच हवा ओढतो. आत लालबुंद तार, शिवाय थर्मोस्टॅटची दर थोड्या वेळाने टक्‌ करून पडणारी ठिणगी. अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये ठिणगी पडू शकेल असं साधन जमिनीपासून १८ इंच वर बसवायचा नियम आहे, तो ह्याच वाफेमुळे. आम्ही हीटर एकावर एक रचलेल्या चिऱ्यांवर ठेवतो, हलत नाहीत ना हे बघून. पण ते पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आणि मातीच्या धुळीसाठी. स्कूटर आत ठेवायला चिरे हा परवाना नव्हे. थिनर आणि टर्पेंटाइनलाही हेच लागू: रंगकामात ते उघडलं की हीटर बंद, पिन बाहेर, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही.

कुठला घ्यावा, असं तुम्ही तिरकसपणे विचारलंय, तरी सरळ उत्तर देतो. कंपनीचं नाव मी सांगत नाही. आयएसआयची खूण बघा. उलटला की आपोआप बंद होणारा आणि जास्त तापला की तोडणारा, असे दोन्ही कट-ऑफ बघा. १००० आणि २००० अशा दोन पायऱ्या बघा. आमचं काम बहुतेक वेळा हजारावरच होतं. चार पैसे जास्त गेले तरी साध्या तारेपेक्षा सिरॅमिकचा, म्हणजे पीटीसी प्रकारचा घ्या. तो तापत जातो तसा त्याचा विजेचा अडथळा वाढतो आणि तो स्वतःच हात आखडता घेतो. जाळीत कापूस अडकला तरी तार लाल होऊन पेटवायची भीती बरीच कमी. शटरच्या गॅरेजात तो भिंतीवर बसवलेला असला तर उत्तम. कुठलाही घेतलात तरी समोर आणि बाजूंना तीन फूट मोकळी जागा, रद्दी, गोणपाट, पेंढा काहीही नाही, आणि रात्री झोपताना बंद.

आमचा हीटर गेल्या वर्षी सारखा आपोआप बंद पडायचा. भाऊ म्हणाला, बिघडला, परत करू. मागची जाळी काढून बघितली तर मातीची पिवळट धूळ साबुदाण्याच्या पापडासारखी चिकटलेली. हवा मिळेना, म्हणून कट-ऑफ आपलं काम करत होता. आता दर रविवारी पिन काढून, थंड झाल्यावर, रंगाच्या कोरड्या ब्रशने जाळी झाडतो.

तुम्हाला माझं पटलं नसेल तर एक करा. गॅरेजातली स्कूटर बाहेर काढा आणि तुमच्या त्या बोर्डवर हीटर हजारावर वीस मिनिटं चालवा, समोर बसून, उठून न जाता. मग भिंतीवरचं बटण बंद करून पिनेच्या पाठीला बोट लावा. कोमट असली तरी तो बोर्ड ड्रिललाच ठेवा. गार असली तर इथं लिहा, बोर्ड कुठल्या दुकानातून आणलात तेही लिहा. भावाला तसाच हवाय, ग्राइंडरसाठी.