खुलासा : निओव्हिममधून व्हिमस्क्रिप्ट काढलेली नाही

निओव्हिम हा व्हिम या टेक्स्ट एडिटरवरून निघालेला एडिटर. व्हिमस्क्रिप्ट आणि ल्यूआ या त्याच्या सेटिंग्ज लिहिण्याच्या भाषा, तर इनिट.व्हिम (init.vim) ही व्हिमस्क्रिप्टमधली सेटिंग्जची फाइल. ‘निओव्हिमने व्हिमस्क्रिप्ट बंद केली, जुनी इनिट.व्हिम फाइल आता चालणार नाही, सगळं ल्यूआत लिहा’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे.

2021 मध्ये आलेल्या 0.5 आवृत्तीपासून इनिट.ल्यूआ (init.lua) ही ल्यूआतली सेटिंग्जची फाइल चालू लागली, पण इनिट.व्हिम आजही चालते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या तर मात्र ई5422 ही एरर येते. बहुधा तीच पाहून गैरसमज झाला असावा. एकच फाइल ठेवा. जुन्या ओळी ल्यूआत ‘व्हिम.सीएमडी’ (vim.cmd) या फंक्शनमधून चालवता येतात.

ल्यूआ वेगवान आहे, हे खरं. निओव्हिम सहसा ल्यूआजिट, म्हणजे ल्यूआ वेगाने चालवणारा प्रोग्राम, वापरतो. पण घाईने भाषांतर करू नका. व्हिमस्क्रिप्टमध्ये 0 म्हणजे ‘खोटं’, ल्यूआत 0 ‘खरं’ ठरतं. त्यामुळे ‘व्हिम.एफएन.हॅज’ (vim.fn.has) या, एखादी सोय आहे की नाही ते 1 किंवा 0 असं सांगणाऱ्या फंक्शनचं उत्तर थेट ‘इफ’मध्ये घातलं तर अट नेहमीच खरी होते. ‘== 1’ लिहाच. याद्यांची मोजणीही 0 ऐवजी 1 पासून सुरू होते.

2022 मधली व्हिम9 स्क्रिप्ट ही व्हिमस्क्रिप्टची नवी आवृत्ती मूळ व्हिमची. निओव्हिममध्ये ती चालत नाही. व्हिमस्क्रिप्ट आणि व्हिम9 स्क्रिप्ट यांची गल्लत नको.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.