तटस्थतेची किंमत कोण मोजतं?

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद काही मिटत नाही. काका म्हणतात, रशियाचं तेल घ्यावं, दुसऱ्याच्या भांडणात पडू नये. चुलतबहिणीचं म्हणणं, गप्प बसणं म्हणजे बाजू घेणंच. मी गेली काही वर्षं स्पेनमध्ये, सारागोसात राहतो. इथून पाहताना दोघांचंही अर्धंच पटतं.

सारागोसाहून गाडी पिरेनीजच्या डोंगरात चढते आणि फ्रान्सच्या सीमेजवळ कानफ्रांकचं अवाढव्य स्थानक लागतं. आता तिथे हॉटेल आहे. दुसऱ्या महायुद्धात स्पेन अधिकृतपणे उतरला नव्हता, तरी नाझींचं सोनं याच मार्गाने स्पेन-पोर्तुगालकडे आलं आणि उलट दिशेने वोल्फ्राम गेलं. म्हणजे टंगस्टनचं धातुक, रणगाड्याचं कवच फोडणाऱ्या गोळ्यांसाठी लागणारं. त्याच फलाटावरून ज्यू निर्वासितही निसटले, कारण तिथला फ्रेंच जकात अधिकारी आल्बेर ल ले जीव धोक्यात घालून त्यांना मदत करत होता.

तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याने देशाला युद्धापासून वाचवलं, असं इथले काही म्हातारे अजून सांगतात. मला ते मान्य नाही. ऑक्टोबर १९४०मध्ये सीमेवरच्या आंदाय या फ्रेंच गावाच्या स्थानकात तो हिटलरला भेटला, तेव्हा त्याला फ्रेंच मोरोक्को हवा होता, शिवाय धान्य, इंधन, शस्त्रं. हिटलरला ती किंमत परवडेना, म्हणून सौदा फिसकटला. यादवी युद्धाने देश उपाशी होता आणि गहू-तेल येत होतं ते दोस्त राष्ट्रांच्या मर्जीने. तरीही ‘ब्लू डिव्हिजन’ या स्पॅनिश तुकडीतून पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं जर्मनीच्या बाजूने लढायला रशियाच्या आघाडीवर गेलीच. जानेवारी १९४४मध्ये अमेरिकेने तेल रोखलं, तेव्हा कुठे मे महिन्यात वोल्फ्रामची निर्यात नाममात्र करायला फ्रँको तयार झाला.

माझं मन मात्र माउटहाउझेनपाशी अडकतं. यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध हरून फ्रान्समध्ये पळालेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्यांपैकी सात हजारांहून अधिक जण जर्मनांनी त्या छळछावणीत नेले. निम्म्याहून जास्त तिथेच मेले. ही आमची माणसं आहेत, असं माद्रिदने म्हटलं नाही. जर्मनीशी बोलणं तर रोज चालू होतं.

म्हणून काकांना मी तटस्थ राहू नका असं सांगत नाही. भारताने या युद्धात उतरू नये, असंच मलाही वाटतं. पण नोकरीच्या आमिषाने गेलेली आपली मुलं रशियन सैन्यात ओढली गेली, काही युक्रेनच्या आघाडीवर मेली. त्यांना सोडा, असं आपल्या सरकारने मॉस्कोला सांगितलं, हे माद्रिदने केलं नव्हतं आणि त्याचं मोल मला वाटतं. तरी ग्रुपवर तेलाच्या भावाबद्दल शेकडो मेसेज आहेत, या मुलांबद्दल एकही नाही. कितीजण परतले, मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं, हे मी काल तिथे विचारलं. काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.