एका युनिटला एक टँकर

शिरोळच्या मामांनी तो मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा टाकला तेव्हाही मी गप्प बसलो होतो. पण परवा फोनवर म्हणाले, "सौर पंपाचा अर्ज ठेवलाय बाजूला. धरण होतंय म्हणे. दिवसा लाईट मिळणार, ती पण फुकट." मग मात्र राहवलं नाही.

मेसेज थोडक्यात असा : पंचगंगेच्या पाण्यावर धरणच नाही. दाजीपूरच्या अंगाला कोयनेसारखं एक मोठं धरण बांधलं की कोल्हापूर जिल्ह्याचं भारनियमन कायमचं संपेल, वीज फुकट मिळेल आणि धरण बारमाही काठोकाठ भरलेलं ठेवलं की पूरही अडेल.

धरण नाही? पंचगंगा म्हणजे पाच नद्या. त्यातल्या भोगावतीवर राधानगरी धरण आहे. तुळशी, कुंभी, कासारी, तिघींवर धरणं आहेत. राहिली गुप्त सरस्वती. तिच्यावर बांधायचं असेल तर खुशाल बांधा.

आता 'कोयनेसारखं'. कोयनेची करामत नुसत्या साठ्यात नाही, उतारात आहे. तिथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणातल्या पोफळीकडे साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं. राधानगरीसारख्या धरणाच्या पायथ्याला मिळतात जेमतेम चाळीस मीटर. गणित शाळेतलंच आहे. कोयनेत एक युनिट विजेला साधारण नऊशे लिटर पाणी लागतं, चाळीस मीटरवर दहा हजार लिटर, म्हणजे भरलेला मोठा टँकर. मामांची पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीस टँकर खलास. एका मोटरीचे!

घाटाखाली सोडलं तर उतार मिळेल, मान्य. पण ते पाणी परत येत नाही. कोयनेचं वाशिष्ठीतून समुद्राला जातं, आणि तिथेही कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. मग आपण ऊस काय घाटाखाली फोंड्याला जाऊन लावायचा?

पण खरा राग आला तो पुराच्या मुद्द्याचा. २०१९ ला मामांच्या घरात पाणी शिरलं होतं, आणि तोच माणूस हे पुढे पाठवतो! विजेला धरण भरलेलं लागतं. पूर अडवायला ते रिकामं लागतं. एकच भांडं एकाच वेळी भरलेलं आणि रिकामं कसं ठेवणार? जुलै-ऑगस्टमध्ये धरणात जागा राखली तर पुराचा जोर थोडा कमी होतो, हे खरं. पण मेसेज सांगतो बरोबर त्याच्या उलट. काठोकाठ भरलेल्या धरणात वरून जेवढं येईल तेवढं खाली सोडावंच लागतं.

पावसाळ्यात रोज कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघतो ना आपण? त्याच बातमीत राधानगरीची ओळ असते, ती वाचा. धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट), सातही उघडले तर दहा हजाराच्या घरात. वीजगृहातून जातात साधारण दीड हजार. म्हणजे पुराचं बहुतेक पाणी टर्बाइनला शिवतही नाही. वीज नाही ती नाहीच, वर आपल्या दारात. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं. धोका पातळी ४३ फूट. तेव्हाही धरणं भरलेलीच होती.

बाकीचं पटकन. पाणी फुकट असलं तरी यंत्रं, तारा, खांब आणि माणसं फुकट नसतात. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. तिथे धरण म्हणजे गव्यांना नोटीस पाठवण्यासारखं. आणि उन्हाळ्यात, जेव्हा विजेची सगळ्यात ओढ असते, तेव्हा धरण तळाला आणि त्यातलं पाणी बंधाऱ्यांवरच्या पिकांचं.

एक मात्र कबूल करतो. पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत चालू होतं, कोळसा लागत नाही. संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कोयना राज्याला सावरते. जलविद्युत वाईट नाही. पण मामांची मोटर बंद पडते ती बहुतेक वेळा डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाल्यामुळे, आणि डीपीला धरण काय करणार?

मामा, सातबारा आणि आधारची झेरॉक्स काढून ठेवा. रविवारी येतो, अर्ज भरूया.